ईश्वरीची निघालेली चिठ्ठी

हॅलो? … कोण? … अगं अपेक्षा! बोल, बोल… शाळेतच हाय मी. मधली सुट्टी चालू हाय, पोरींचा गोंगाट ऐकू येत असंल… थांब, दार लोटते.

हां, सांग.

पहिली? आपली राणीसावरगावची शाळा? …

न्हाई, ऐकायलेय मी… हो, हो… सगळ्या शाळांत आपल्याच पोरी जास्त पळतात, खेळतात. मनगटाच्या पट्ट्यांनी मोजलं म्हणतीस… हो.

अभिनंदन नको करू गं.

मग ते मैदान, खेळ शिकवणाऱ्या ताई? … आपल्याला न्हाई? … बरोबर हाय. ज्या पोरी दिवसभर हलत न्हाईत, त्यांनाच मिळायला पाहिजे. त्यासाठीच तर तू परभणीहून एसटीनं एवढ्या खेपा घातल्यास…

मैदान मिळणाऱ्या शाळांची यादी कधी जाणार? … आज?

अपेक्षा, थांब. अगं ऐक ना. आधी ऐक.

पट्टा कुणाला बांधायचा, त्याच्या तू चिठ्ठ्या काढल्यास ना… बांधून गेलीस… त्यातले आठ पट्टे मी सोडले. … मी. माझ्या हातानं. अन् खो-खोच्या पोरींना बांधले.

का केलं म्हणतीस? …

कसं सांगू तुला… तपासणी आली की हुशार पोरं पुढं बसवायची. तुलाही बसवायचे मी, आठवतंय? तेवीस वर्षं तेच केलं. मला वाटलं, ही बी तपासणीच. शाळेची नाचक्की नको…

न्हाई, समजून नको घेऊस. रागव मला. लय लाज वाटायलीय… माझ्याच विद्यार्थिनीला हे सांगायलेय मी.

अन् त्या आठांत ईश्वरी होती. पाचवीतली. आई कापूस वेचायला जाते, म्हणून ही धाकट्या भावाला शाळेत आणते. सुट्टीभर त्याला घेऊन पायरीवर बसून. परवा शाळेभोवती एक चक्कर मारायला लावली, तर अर्ध्यातच धापा टाकत खाली बसली… दहा वर्षांची पोर गं!

विचारलं ना तिनं. 'बाई, चिठ्ठी तर माझी निघाली होती.' … मी म्हणाले, तू कुठं पळतीस?

… हो. असंच म्हणाले.

पळत न्हाई म्हणूनच तिची हालचाल मोजायची होती. कळायलंय आता.

आमचे आकडे काढून टाक. बाईंनी अदलाबदल केली असं लिही, माझ्या नावानिशी… हेडसरांना मी सांगते. … सोमवारपासून पुन्हा मोजशील? … अन् यादीत जागा? … सांगता येत न्हाई. बरं. चूक माझीच हाय.

काय? … तुझी माफी मागितली, तिची न्हाई…

खरंय.

दिसायलीय ना, खिडकीतून. तिथंच, पायरीवर… ठेवते गं. तू ऐकत असलीस तर मला बोलता यायचं न्हाई.

ईश्वरी! … अगं, तू उठू नकोस. मीच येते खाली. भावाला माझ्याकडं दे.