पोटदुखी निवडलेली मुलगी

(कॅलिफोर्नियातलं ऑक्सनार्ड, १९९४. भर दुपार. इस्पितळातल्या बाकावर चौथीची शिक्षिका लोरेन आणि शाळेच्या वयस्क समुपदेशक मिसेस प्रुइट.)

लोरेन : नर्सला मी सांगितलं, मारिसोलला आज वर्गात अकराला दुखायला लागलं.

मिसेस प्रुइट : आणि खरं?

लोरेन : नर्सनं लिहूनही घेतलं. आता कसं बदलू?

मिसेस प्रुइट : लिहिलेलं राहू दे. मारिसोलचं पोट केव्हापासून दुखतंय?

लोरेन : काल दुपारपासून. गणिताची चाचणी होती. मला वाटलं, टाळतेय. तुमच्याच शिबिरात शिकले ना मी, आपलं वागणं आपण निवडतो? बाजूच्या खोलीत बसवलं, कागद दिला. म्हटलं, काय निवडलंस ते लिही, मग बाहेर ये.

मिसेस प्रुइट : नऊ वर्षांच्या पोरीला!

लोरेन : लिहिलं तिनं. ‘मी पोटदुखी निवडली. पुन्हा निवडणार नाही.’

मिसेस प्रुइट : अरे देवा. अगं, फळ्यावर मोटार काढली होती मी. पुढची चाकं म्हणजे करणं आणि विचार करणं. ती आपण वळवतो. भावना आणि शरीर ही मागची चाकं, ती थेट वळवता येत नाहीत. आणि आजार कुणी निवडत नसतो, बाई! शिवाय ‘काय निवडलं’ हा प्रश्न स्वतःला विचारायचा. दुसऱ्याच्या अंगावर फेकायचा नाही.

लोरेन : पुढचं ऐका ना. आज सकाळी वाकूनच आली. पण साडेदहाला दुखणं एकदम थांबलं. माझ्याकडं बघून हसली. मी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. बघा, मारिसोलनं बरं होणं निवडलं!

मिसेस प्रुइट : एकदम थांबलं?

लोरेन : एकदम. मग अकराला हुडहुडी भरून कोसळली. असं काय बघताय?

मिसेस प्रुइट : माझ्या भावाचं असंच थांबलं होतं. अपेंडिक्स फुटलं की घटकाभर बरं वाटतं. ऊठ, डॉक्टरांना सांग.

लोरेन : नोकरी जाईल माझी.

मिसेस प्रुइट : जाईलही. सदुसष्ट साली मी मुलींच्या सुधारगृहात नोकरीला होते. रोवेना नावाची मुलगी. तिला मी म्हटलं होतं, हे रडणं तू निवडलंयस. तिच्या वेण्या अजून डोळ्यांसमोर आहेत. पुढचं नाही सांगत तुला.

लोरेन : मला फार भीती वाटतेय हो.

मिसेस प्रुइट : वाटू दे. ती जायची वाट बघू नकोस. पाय उचल. ती बघ, मारिसोलची आई आली.

मिसेस अरेयानो : टीचर! स्ट्रॉबेरीच्या शेतावरून तशीच आले, हातसुद्धा धुतले नाहीत. डॉक्टर विचारताहेत, आधी काही दुखत होतं का? घरी तर काही बोलली नाही. जेवली नाही रात्री, भूक नाही म्हणाली. मी त्यांना सांगितलं, दुखत असतं तर टीचरना आधी कळलं असतं.

लोरेन : मिसेस अरेयानो... मला कालच सांगितलं होतं तिनं. दुपारी. मी खोटं ठरवलं.

मिसेस अरेयानो : काल?

लोरेन : हो. घरी बोलली नाही, तेही माझ्यामुळंच. मी...

मिसेस अरेयानो : इथं नका रडू. आधी आत जाऊन त्यांना सांगा.