शिळ्या पाण्यातले चतुर

मदत म्हटलं तरी सध्या माझं डोकं उठतं, आणि त्याला कारण आमच्या शेजारच्या काकू.

जुळे सोलापुरात नळ रोज येत नाही. आला की आधीचं पाणी शिळं म्हणून ओतायचं आणि ताजं भरायचं. मी कॉलेजात असते, म्हणून घराची चावी काकूंकडं; माझं पाणीही त्याच भरतात.

बाल्कनीतल्या टपात मी चतुराची पिल्लं वाढवत होते, सगळी एकाच मादीची. पाण्यात राहणाऱ्या या किड्याला पुढं पंख फुटतात ते कोणत्या जनुकामुळं, यावर माझी पीएचडी.

परवा घरी आले तर टप चकचकीत.

"काकू, यातले किडे कुठंयत?"

"अगं, शिळ्या पाण्यात आळ्या झाल्या होत्या की! गटारात ओतल्या. टप घासून भरून ठेवलाय."

"त्यांना पंख फुटणार होते, काकू!"

"आळीला कुठले पंख? लई शिकलीस बाई."

मी दार आपटलं.

आठवड्यानं काकूच दारात. "तुझ्या त्या टपामुळं डास लई झालेत बघ."

"माझ्या टपामुळं? सोसायटीच्या हौदातल्या डासांच्या आळ्या रोज गाळून मी त्या पिल्लांना खायला घालत होते! आता डास चावले ना, की गटाराशी उभ्या राहा आणि माझ्या चतुरांना हाका मारा."