बाबासारखं सँडविच

परवाची गंमत ऐका. दादा गेल्यापासून त्याची मुलगी रिया धड जेवत नव्हती. शेवटी म्हणाली, “काका, बाबासारखं हॉट रोस्ट बीफ सँडविच करशील?” मी लगेच बीफ आणून शिजत घातलं. बीफचं नावही काढू न देणारी आमची आई सध्या इथे अमेरिकेत, नेपरव्हिलला आमच्याकडेच आहे, हे ती किचनच्या दारात आल्यावर आठवलं.

“काय शिजतंय रे?”

“मश्रूम, आई.”

“मग झाकण ठेव. तुझ्या दादाचं मश्रूमसुद्धा झाकणाशिवाय मऊ व्हायचं नाही.”

रिया इतकी हसली की रडायलाच लागली. मीही रडलो. मग ब्रेडवर मांसाचे काप ठेवून गरम ग्रेव्ही ओतली. रियाने दोन सँडविच खाल्ली. आई पाठ करून बसली होती, पण सारखी विचारत होती, “संपवलं का रे तिने?”