हिरव्या गाडीचं दार

बायको: मग कपाट राहू दे इथंच, आणि आपणही बसू त्यात जाऊन. उद्या सकाळी टेम्पो येतोय, अहो! अजून या खोक्यांचं काय ते ठरत नाही म्हणजे कमाल झाली.

नवरा: ठरलंय गं. मघाशी तेच सांगत होतो. तो खेळण्यातल्या जुन्या गाड्यांचा संग्रहवाला येतोय आत्ता. सगळी खोकी एकदम उचलणार.

बायको: सगळी?

नवरा: सगळी. सीलबंद, जशीच्या तशी. वरचं प्लास्टिक फाटलेलं असेल तर नको म्हणाला.

बायको: चाळीस वर्षं पुसतेय मी ती. देवाला लावले नसतील एवढे हात या खोक्यांना लावलेत. पण आत काय आहे ते एकदासुद्धा बघितलं नाही.

नवरा: वर चित्र आहे की.

बायको: चित्र बघून पोट भरत असतं तर मी कशाला स्वयंपाक केला असता? बघू, ते वरचं द्या जरा खाली.

नवरा: कुठलं?

बायको: उगाच वेड पांघरू नका. हिरवी गाडी.

नवरा: ती पण त्या मोजणीत धरली आहे.

बायको: मला न विचारता?

नवरा: तुला काय विचारायचं त्यात? लेकीकडे आपल्याला एक खोली मिळणार. त्यात तुझं शिवणाचं मशीन, माझी खुर्ची, आपल्या दोघांची औषधं. खोकी काय डोक्यावर घेऊन झोपायची? तिनं तोंडानं काही म्हटलं नाही, पण चेहरा पाहिलास ना तिचा कपाट उघडल्यावर?

बायको: बाकीची द्या. दान करा, विका, नदीत सोडा. हिरवी देऊ नका एवढंच म्हणतेय.

नवरा: काय करणार आहेस ठेवून?

बायको: मी काय करणार! करायची तुम्ही होती. तुम्ही म्हणाला होता, शोरूमच्या काचेसमोर उभं राहून. मी आपली हॉस्पिटलातून ड्युटी संपवून आलेली, पाय सुजलेले, आणि म्हटलं काय झकास रंग आहे हो! तर तुम्ही म्हणालात, घेऊ एक दिवस.

नवरा: तेव्हा अक्कल कमी होती.

बायको: आणि पुढच्या महिन्यात हे खोकं घेऊन आलात. म्हणालात, खरी जमेपर्यंत ही छोटी, सुटे भाग जोडून करून देतो. इंजिनसकट, दारं उघडतील अशी. मी इतकी खूश झाले होते की वॉर्डातल्या सगळ्या पेशंटना सांगत सुटले.

नवरा: करणारच होतो गं. पण घाईघाईत करून नासवायची नव्हती. दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घासायच्या आणि घरी येऊन पुन्हा तेच, घासा आणि चिकटवा? डोळे मिटायचे माझे. म्हटलं, निवांत वेळ मिळू दे, मग मन लावून करू.

बायको: निवांत वेळ मिळून आता दोन वर्षं झाली.

नवरा: चष्म्याचा नंबर बदलला.

बायको: बदलून आणला. मीच आले होते बरोबर.

नवरा: उजेड नसतो या खोलीत.

बायको: दिवा आणला टेबलावरचा. तो अजून खोक्यातच आहे. तुमच्या घरात काही विकत आणलं की ते बंदच ठेवायचं असतं की काय?

नवरा: डोकं नको खाऊस. सील फोडलं की त्याची किंमत शून्य. एवढी वर्षं जपलेलं आणि आता शेवटच्या दिवशी फोडायचं?

बायको: मला बरोबर शेवटच्या दिवशीच फोडायचंय. अहो, इकडे बघा माझ्याकडे. चहा अर्धा कप का मागता हल्ली?

नवरा: ॲसिडिटी होते.

बायको: पस्तीस वर्षं नर्स होते मी. मला ॲसिडिटी शिकवता? भरलेला कप बशीवर वाजतो, म्हणून अर्धा मागता. शर्टाची वरची बटणं लावायचं सोडलंत. परवा सही करताना उजव्या हाताला डावा हात लावलात. लेकीला वाटलं, बाबा विचार करतायत.

नवरा: ...कधीपासून माहितीय तुला?

बायको: तुमच्या आधीपासून असेल कदाचित.

नवरा: लॅब सोडायच्या आधी एक कवळी परत आली होती. एका म्हाताऱ्या बाईंची. दात एकमेकांवर बसत नव्हते. माझ्या हातची कवळी परत येत नसे गं. मालकानं ती परस्पर दुसऱ्याकडून करून घेतली. मी घरी येऊन तुला सांगितलं, कंटाळा आला, सोडतो काम.

बायको: आणि मी म्हटलं, बरं झालं.

नवरा: ही खोकी बंद आहेत ना, तोवर मला वाटतं की अजून जमेल. एकदा का फोडलं आणि गाडीचा एवढासा आरसा लावताना तीनदा हातातून पडला, की मग संपलं. मग मी कोण? तू म्हणशील ठेवा हिरवी. ठेवतो. पण जोडा म्हणू नकोस.

बायको: मी जोडा म्हणत नाहीये. मला आत बघायचंय. एवढंच. मग हवं तर द्या त्याला, मी चकार शब्द काढणार नाही.

नवरा: फोडल्यावर तो घेणार नाही.

बायको: नाही तर नाही.

नवरा: तू म्हणजे ना... हात टेकले तुझ्यापुढे. घे. माझ्याच्यानं नाही कापवणार. तुझी कात्री कुठाय?

बायको: पर्समध्ये. बँडेजची आहे, टोकाला बोथट. घाबरू नका, पेशंटला लागणार नाही.

नवरा: कडेनं घाल. चित्राला धक्का नको.

बायको: अजून चित्राचीच काळजी! ...निघालं. अहो, वास बघा. नवीन बुटाच्या दुकानासारखा.

नवरा: झाकण मी काढतो. थांब. हं. हा कागद, कुठला भाग कुठे लावायचा त्याचा. ही इंजिनाची पिशवी. ही बॉडी... अरेरे. अरे देवा.

बायको: काय झालं? पडलं काही?

नवरा: नाही. हे बघ. टायर.

बायको: चिकटलेत बॉडीला. ओढू का?

नवरा: ओढू नकोस! टायर वेगळ्या मसाल्याचे असतात, मऊ. त्यांना एक प्रकारचं तेल सुटतं. वर्षानुवर्षं कडक प्लास्टिकला टेकून राहिले की ते प्लास्टिक विरघळतं. दार खाल्लंय बघ त्यांनी. वेगवेगळ्या पुड्या करून ठेवले असते तर काही झालं नसतं. पण त्यासाठी उघडायला हवं होतं.

बायको: म्हणजे मी वरून पुसत होते आणि हे आतून...

नवरा: हो. तू वरून पुसत होतीस, मी आत कुणाला हात लावू देत नव्हतो. मी! जन्मभर प्लास्टिकमध्ये काम केलेला माणूस. मला कळायला नको होतं? हे मला माहीत होतं गं. फक्त आपल्या कपाटातही असंच होत असेल, हे डोक्यात आलं नाही.

बायको: रडताय?

नवरा: नाही. हसू येतंय. माझ्या हातून नासेल म्हणून एवढा जीव मुठीत धरून बसलो, आणि गाडीनं परस्परच उरकून घेतलं.

(दारावरची बेल वाजते.)

बायको: आला तो. या, आत या. सांभाळून हं, सगळं घर जमिनीवर आहे.

संग्रहवाला: नमस्कार काकू, नमस्कार काका. वा! काय माल ठेवलाय! डोळ्यांचं पारणं फिटलं. हे खोकं तर मी फक्त फोटोत पाहिलं होतं. कोपरेसुद्धा दबलेले नाहीत... अरे काका, हे काय केलंत? हिरवी फोडली?

नवरा: हो.

संग्रहवाला: आज? मी येणार म्हणून माहीत असताना?

बायको: मी फोडायला लावली. तुम्हाला काय बोलायचं ते मला बोला.

संग्रहवाला: नाही, म्हणजे, जीव हळहळतो हो काकू. आता ही मला नाही चालायची. बाकीची घेतो.

नवरा: थांबा. आधी एक सांगतो, मग घ्या. या गाडीचं दार टायरनं खाल्लंय. बाकीच्यांत तसंच झालं असणार. तुम्हाला अंधारात ठेवून व्यवहार नको. म्हणत असाल तर एखादं उघडून दाखवतो.

संग्रहवाला: अहो नको, नको! हात लावू नका, काका!

नवरा: पण आत खराब असेल तर?

संग्रहवाला: असेलच. जुन्या किटांत बहुतेक असतंच. म्हणून तर कुणी उघडत नाही.

बायको: मग घेता तरी कशाला?

संग्रहवाला: काकू, आता काय सांगू. लहानपणी दुकानाच्या काचेला नाक लावून बघायचो, आई हात धरून ओढत न्यायची. आता घरी खोलीभर झालीत. बायको म्हणते, एक तरी जोड. मी म्हणतो, रिटायर झालो की एकेक काढेन, शांतपणे, मन लावून.

बायको: अगं बाई.

संग्रहवाला: काय झालं?

बायको: काही नाही. पाणी घ्या. थकलेले दिसता.

संग्रहवाला: धंद्यात उसंत कुठली! बरं, मी ही खाली नेतो, गाडी उभी आहे. दोन-तीन खेपा होतील. काका, तुम्ही उचलू नका, बसा. आणि त्या दाराचं वाईट वाटून घेऊ नका.

नवरा: एक ऐका. घरी गेलात की आजच्या आज एक उघडा. कुठलंही.

संग्रहवाला: बघू काका. दिवाळं वाजवाल माझं. येतो.

बायको: ...गेला. कपाट केवढं दिसतंय रिकामं.

नवरा: उघडणार नाही तो.

बायको: नाहीच उघडणार. तुम्ही तरी कुठे उघडलंत? चला, पांघरुणं बांधायची राहिलीत. हे ठेवू का पेटीत, कपड्यांत गुंडाळून?

नवरा: थांब जरा. माझा लॅबचा डबा कुठे भरलास? पावडर आणि बाटली असलेला.

बायको: कवळ्यांचा? तो फेकायच्या ढिगात आहे.

नवरा: आण. दाराला खळगा पडलाय, भोक नाही. भरून घासला की कळणारही नाही. मसाला गुलाबी आहे, हिरडीचा, पण वरून रंग द्यायचाच आहे.

बायको: हिरव्या गाडीला गुलाबी हिरडी! शोभतं तुम्हाला. कुठलं दार हो खाल्लंय?

नवरा: तुझ्या बाजूचं.

बायको: माझं नशीबच मेलं... घ्या डबा. आता काय, मी भरू आणि तुम्ही सांगा?

नवरा: नको. मीच भरतो. तू मनगट धर माझं. असं, खालून. घट्ट नको.

बायको: धरलं. नाडी तरी बरी चाललीय तुमची.

नवरा: तरी हलतोय बघ हात.

बायको: हलू दे. गाडी सुरू आहे असं समजा.