शनिवारी नाव सांगायला

बर्थोल्ड : तसं नाही चालायचं, पास्टर. वही काढा आणि नाव लिहा. बर्थोल्ड नोस्के. उद्याच्या प्रभुभोजनासाठी.

पास्टर : अहो नोस्केकाका, कसली वही? उद्या यायचं, वेदीपुढं गुडघे टेकायचे, झालं.

बर्थोल्ड : झालं कसं? आदल्या दिवशी पाळकाकडं जायचं, नाव सांगायचं. तो दोन प्रश्न विचारणार, मग लिहिणार. माझे आजोबा त्यासाठी घोडागाडी जोडून सात मैल यायचे. मी बार्लीची कापणी अर्धी टाकून आलोय. हात घासलेत, इस्त्रीचा शर्ट घातलाय. आणि तुम्ही म्हणता वही नाही!

विल्मा : ती वही बंद होऊन तीस वर्षं झाली, भाऊजी.

बर्थोल्ड : ही इथं काय करतेय?

विल्मा : शनिवारी दुपारी विल्मा मिबुस चर्चमध्ये काय करते ते ह्या अख्ख्या मॅली मुलखाला ठाऊक आहे. प्याले पुसते, फुलं लावते. आज तर तुमच्या बायकोची बहीण म्हणून कानही उघडे ठेवलेत.

पास्टर : विल्मामावशी, तुम्ही जरा बाहेर थांबता का?

बर्थोल्ड : राहू दे तिला. सेल्मापासूनच लपवायचं होतं. तीच गेली, आता कुणापासून लपवू?

पास्टर : उद्या काकूंचं नाव वाचणार आहे मी, वर्षभरात गेलेल्यांच्या यादीत. म्हणून आलात का?

बर्थोल्ड : तिचं नाव वाचून झालं की लगेच भोजनाचं गीत लागणार. आणि मी नेहमीसारखा उठून बाहेर जाणार. यावेळी ते व्हायचं नाही माझ्याच्यानं.

विल्मा : वरातीमागून घोडं! ती होती तेव्हा का नाही जमलं? दर खेपेला तेच. ती पुढं निघाली की हे दाराबाहेर, पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभे. शेजारच्या बायका नवऱ्याबरोबर गुडघे टेकायच्या आणि माझी बहीण एकटी. आईशप्पथ सांगते पास्टर, मी ह्यांना मनातल्या मनात फार बोललेय. नुसतं मनातच नाही.

बर्थोल्ड : ठाऊक आहे. लाकडाचा ओंडका म्हणतेस मला.

विल्मा : कोणी सांगितलं?

बर्थोल्ड : तू सांगितलंस. इस्टरला. केक वाढता वाढता.

पास्टर : काका, मी इथं आलो तेव्हा आधीच्या पास्टरांनी माझ्यासाठी एक चिठ्ठी ठेवली होती. छप्पर गळतं, ऑर्गनचा एक सूर अडतो, आणि 'नोस्केंना भोजनाचा आग्रह करू नका'. त्यांना ती त्यांच्या आधीच्यांनी दिली होती. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. मला वाटलं, तुमचा विश्वास उडालाय. मुलगी गेल्यापासून.

बर्थोल्ड : विश्वास उडाला असता तर घरी झोपलो नसतो का रविवारी? सदतीस वर्षं शेवटच्या बाकावर कशाला बसलो असतो?

पास्टर : मग का?

बर्थोल्ड : मला बंदी होती.

विल्मा : कसली बंदी?

बर्थोल्ड : पास्टर, तुम्ही अ‍ॅडलेडचे, आणि वयानं लहान. तेव्हा इथं दोन ल्यूथरन चर्च होती. हे आमचं, समोर सेल्माच्या माहेरचं.

विल्मा : बायबल एक, प्रश्नोत्तरी एक, पणजोबा एकाच जहाजातून उतरलेले. मधे फक्त रस्ता. ह्यांची सिनड, म्हणजे चर्चची वरची सभा, म्हणायची आमची कच्ची, आमची म्हणायची ह्यांची कर्मठ. ह्यांच्या लग्नात अर्धं गाव आतच आलं नाही. बाहेर उभं राहून सॉसेज मात्र खाल्लं.

बर्थोल्ड : मी ह्या दारानं जायचो, सेल्मा त्या. आमची मुलगी ट्रूडी तिच्याबरोबर जायची. मग ट्रूडी गेली. घटसर्प. तीन वर्षांची होती. पुरून आलो त्याच्या पुढच्या रविवारी सेल्मा म्हणाली, मला भोजनाला जायचंय. पाय उचलत नव्हता तिचा. दंड धरून नेली. त्यांच्या चर्चमध्ये, थेट वेदीपुढच्या कठड्यापर्यंत. ती खाली बसली, मी सोडली असती तर पडली असती. मीही बसलो. त्यांच्या पास्टरनं माझ्याकडं पाहिलं. काही विचारलं नाही. दिलं. मी घेतलं.

विल्मा : मी तिथंच होते. दुसऱ्या बाकावर.

बर्थोल्ड : सोमवारी आमचे पास्टर गेरलाख शेतावर आले. म्हणाले, बर्थोल्ड, ज्यांच्याशी आपली शिकवण जुळत नाही त्यांच्या वेदीवर तू गेलास. चूक झाली म्हण. म्हणेपर्यंत आपल्या मेजाकडं येऊ नकोस.

पास्टर : आणि तुम्ही?

बर्थोल्ड : म्हटलं, चूक होती असं माझ्या तोंडून निघायचं नाही. ते म्हणाले, मग थांब. मी थांबलो.

विल्मा : देवा रे.

बर्थोल्ड : सहा महिन्यांत ते क्वीन्सलँडला गेले. तिकडंच वारले.

पास्टर : काका... पण त्यानंतर दोनच वर्षांत दोन्ही सिनड एक झाल्या! शिकवण एक, वेदी एक, असं ठरलं. काकू तेव्हापासून ह्याच चर्चमध्ये आल्या ना? ज्या गोष्टीसाठी तुम्हाला अडवलं ती गोष्टच उरली नाही.

बर्थोल्ड : वाजतगाजत एक झाल्या, पाहिलं मी. समोरच्या चर्चमध्ये आता मेंढ्यांची लोकर ठेवतात, तेही पाहतो. पण मला कुणी येऊन म्हटलं नाही, बर्थोल्ड, ये.

पास्टर : विचारायचं तरी होतंत!

बर्थोल्ड : मीच बांधलेला, मीच दावं सोडू? वाटायचं, वहीत लिहिलेलं असेल. नवा पास्टर वाचेल, येईल. दर नव्या पास्टरच्या वेळी सेल्माला केक करायला लावायचो. ते यायचे, केक खायचे, पावसाचं बोलायचे, जायचे.

पास्टर : चिठ्ठी वाचून यायचे. मीही तसाच आलो होतो. दोन तुकडे खाल्ले मी.

विल्मा : आणि बायकोपाशी मिठाची गुळणी का धरलीत? तिला सांगितलं असतंत तर तिनं त्याच दिवशी पास्टरला कॉलर धरून आणला असता!

बर्थोल्ड : तिला काय सांगू? तुझा दंड धरला म्हणून मला बाहेर काढलं? ट्रूडीचं दुःख होतंच, वर हे? ती पुन्हा कठड्यापाशी गेली नसती, विल्मा. 'तुम्ही नाही तर मी नाही' म्हणाली असती. ते भोजन एवढंच तिला उभं करत होतं. म्हणून सांगितलं, माझं मन होत नाही. तिनं एकदाच विचारलं. पुन्हा नाही.

विल्मा : मला विचारायची. रडायची. म्हणायची, देवावर रुसलेत ते, विल्मा, मुलीसाठी. तिकडंही नाही भेटायचे का गं आम्ही?

बर्थोल्ड : असं म्हणायची?

विल्मा : शेवटच्या आठवड्यातही म्हणाली.

बर्थोल्ड : ...पाणी आहे का?

पास्टर : हे घ्या. बसा, काका. ऐका. कुठलीही बंदी नाही तुमच्यावर. केव्हाच नाही. उद्या या.

बर्थोल्ड : असं नका करू. 'चालतंय हो, या' असं नका म्हणू. दुकानात बोलावल्यासारखं. एकदा बांधलं ते पाळकानं बांधलं, देवाच्या नावानं. सोडायचं तर तसंच सोडा. प्रश्न विचारा मला. वही नसली तरी प्रश्न असतील.

पास्टर : बरं. बर्थोल्ड नोस्के, तिथं काय मिळतं असं तुम्ही मानता?

बर्थोल्ड : ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त. खरोखरीचं. माझ्यासाठी दिलेलं, पापांच्या क्षमेसाठी. भाकर आणि द्राक्षारस दिसतो, पण नुसती आठवण नव्हे. चौदाव्या वर्षी पाठ केलंय. टाकीपाशी उभा राहून दर वेळी म्हणत होतो.

पास्टर : आणि घेऊन काय येणार?

बर्थोल्ड : तेच तर. काही नाही माझ्याकडं. एक चांगली गोष्ट केली, बायकोचा दंड धरला. तीच चूक ठरली.

पास्टर : काही आणायचं नसतंच. आपल्या मंडळीचं सगळं म्हणणं एवढंच आहे, काका. कमवून मिळत नाही, रिकाम्या हाती घ्यायचं. आणि मंडळी असते ती हे वाटायला, राखण करत बसायला नाही. आम्हाला तुमचा विसर पडला, त्याची क्षमा मी तुमच्याकडं मागतो. पण तुम्हाला सोडवायचं तर कशातून सोडवू? त्या रविवारचा पश्चात्ताप मी मागणार नाही.

बर्थोल्ड : तो देणारही नाही.

पास्टर : मग ज्याचा होतो, ते सांगा.

बर्थोल्ड : ...तिला एकटी पाठवली. गेरलाखचा एक शब्द धरून बसलो. मानी होतो. म्हटलं, बोलावल्याशिवाय जायचा नाही. तिला वाटलं मी देवावर रुसलोय, आणि मी वाटू दिलं. ती तसंच समजून गेली. मला... मला फार जावंसं वाटायचं, पास्टर. टाकीपाशी गाणं ऐकू यायचं. चौथ्या कडव्याला ती उठते, मला ठाऊक असायचं. हे सगळं मी केलं. त्याची क्षमा पाहिजे.

विल्मा : माझंही लिहा त्यात. सदतीस वर्षं ह्यांना ओंडका म्हटलं. कधी विचारलं नाही, का जाता म्हणून.

(पास्टर उठून दोघांच्या डोक्यांवर हात ठेवतात.)

पास्टर : ख्रिस्तानं आपल्या मंडळीला दिलेल्या अधिकारानं, त्याच्याच आज्ञेवरून, मी तुम्हाला तुमच्या सर्व पापांची क्षमा करतो. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं.

बर्थोल्ड : आमेन.

विल्मा : आमेन. नाक पुसा, भाऊजी. हे नको, हे प्याल्यांचं फडकं आहे!

बर्थोल्ड : झालं? सुटलो?

पास्टर : सुटलात. आणि काका, भोजनाआधी आपण म्हणतो ना, देवदूत आणि सगळ्या स्वर्गीय मेळ्याबरोबर तुझी स्तुती करतो. ते शोभेसाठी नाही म्हणत. जे गेले ते त्याच मेजावर आहेत असं मानतो आपण.

बर्थोल्ड : ट्रूडीपण?

पास्टर : ट्रूडीपण.

बर्थोल्ड : विल्मा, मला कधी दिसलं नाही. ती कुठं बसायची कठड्याला?

विल्मा : डाव्या टोकाला. भिंतीपासून एक जागा सोडून.

बर्थोल्ड : सोडून का?

विल्मा : एकदा गर्दी होती, म्हणून मी त्या जागेत शिरले. तर म्हणाली, विल्मा, तू ह्या बाजूला ये. ते आले तर.