खुडूक कोंबडीनं घेतलेली परीक्षा

हसू नका, पण माझ्या सुतारकामाची खरी परीक्षा एका कोंबडीनं घेतली हाय. एकाहत्तर साल असंल. कोपरगावाकडं कारखान्याच्या एका साहेबाचं लाकडी घर हुतं, सिमेंटच्या बुटक्या खांबांवर उभं. खाली कुत्री शिरायची, म्हणून खांबांना चारी बाजूंनी फळ्या मारायचं काम मला मिळालं. सिमेंटात खिळा धरत न्हाई. मी खांबांना भोकं पाडून बाभळीच्या गुल्ल्या ठोकल्या आन् खिळे त्यात मारले.

शेवटची फळी बसली आन् साहेबाच्या आई ओरडल्या, "अरे, माझी खुडूक कोंबडी खाली अंड्यांवर बसलीय!"

मी आन् माझा भाऊ पहार घेऊन भिडलो. घाम फुटला, पर फळी हलंना. आई म्हणाल्या, "मग वरनं काढा!" स्वयंपाकघरातल्या जमिनीची फळी उचकटली, तर ती एका झटक्यात हातात आली. कोंबडी अंड्यांसकट सुखरूप.

तेवढ्यात साहेब दारात. जमिनीला पडलेलं खिंडार बघून विचारलं, "ही जमीन कुणी केली होती?"

"दुसऱ्या सुतारानं, साहेब."

साहेबांनी बाहेर जाऊन माझ्या फळीला दोन लाथा घालून पाहिल्या.

"मग आता जमीनही तूच कर."