तीन नंबरची पुडी

साक्षी : नळ्या धुणं राहू द्या मामा. तीन नंबरच्या पुडीत बेंझॉइक अॅसिड नव्हतं.

कल्याण : असं कसं? सकाळी म्या सोता भरल्या की पुड्या! या लॅबमधी उगंच हाय का मी?

साक्षी : बीटा-नॅफ्थॉल होतं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले सरच म्हणाले.

कल्याण : अरे देवा... पाहुण्या सरांचा नाश्ता आणायला स्टेशनकडं गेल्तो. तेवढ्यात त्यांनी नंबर बदलले आसतील.

साक्षी : पाण्यात विरघळलं नाही. कॉस्टिकमध्ये विरघळलं. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात टाकलं. अॅसिड असतं तर फसफसलं असतं ना? एक बुडबुडा आला नाही. रंगाच्या टेस्टला तर लालभडक झालं.

कल्याण : म्हंजे तुला तवाच कळलं?

साक्षी : कळलं ना.

कल्याण : मंग तसं लिव्हायचं की, बाई!

साक्षी : तुम्ही सोड्याची बाटली ठेवताना कानात बेंझॉइकचं नाव सांगितलं होतं. मला वाटलं, सोडाच जुना असेल. माझाच हात चुकला असेल. मामा खोटं कशाला सांगतील?

कल्याण : मंग सरांनी काय इचारलं?

साक्षी : सरांनी विचारलं, बुडबुडे दिसले का? दिसले म्हणाले मी. मग ते माझी फाईल चाळत म्हणाले, वर्षभर एकही चुकलं नाही, आजच कसं? मला तोंड वर करवेना.

कल्याण : चल, सर आजून चहा पिऊन राह्यलेत. सगळं माझ्यावर घेतो.

साक्षी : तुमची नोकरी जाईल, अन् माझ्यावर कॉपीची केस. बसा गप.

कल्याण : तुझी माय टेंभुर्णीहून रोज फोन करती. पोरीकडं ध्यान ठेव म्हणती. अन् म्या काय केलं? तुला येतंय का, एवढं बी न्हाई इचारलं. लई वंगाळ झालं, साक्षे.

साक्षी : पुडीत काही उरलंय?

कल्याण : हाय की, चिमूटभर.

साक्षी : एक साफ नळी द्या. अन् सोडा. पहिल्यापासून करते.

कल्याण : आता कशाला? मार्क तर गेले.

साक्षी : गेलेच.

(कल्याण नळी दोनदा धुऊन, अंगातल्या शर्टाला पुसून तिच्यापुढं ठेवतो.)

कल्याण : अजून काय देऊ?

साक्षी : काही नको. इथंच बसा जवळ. फक्त काही सांगू नका.